एक जनुक, अनेक नामे : 'ईआरसीसी-३'च्या नामकरणाचा इतिहास

: १ :

पदार्थाला नाव कशावरून पडते, हा प्रश्न भारतीय भाषाविचारात फार जुना आहे. यास्काचार्यांनी निरुक्ताच्या पहिल्या अध्यायात तो वादाच्या रूपाने मांडला आहे. सर्व नामे धातूंपासून, म्हणजेच क्रियेपासून निघतात, असे शाकटायनाचे व नैरुक्तांचे मत. गार्ग्य व काही वैयाकरण हे मत सरसकट मान्य करीत नाहीत. गार्ग्यपक्षाचा एक आक्षेप असा की, नाव जर क्रियेवरूनच पडत असेल तर एका वस्तूचा जितक्या क्रियांशी संबंध येईल तितकी नावे तिला मिळावयास हवीत. खांब खळग्यात रोवलेला असतो म्हणून त्यास 'खळग्यात निजणारा' म्हणावे लागेल, आणि इतर वस्तू त्याला जोडल्या जातात म्हणून 'जोडणारा' असेही म्हणावे लागेल. व्यवहारात तसे घडत नाही. यास्तव हा सिद्धान्त सदोष होय. यास्काचार्यांनी यावर लोकव्यवहाराचाच दाखला दिला : समान क्रिया करणाऱ्यांपैकी काहींनाच ते नाव मिळते, इतरांना मिळत नाही, सुतार हे त्याचे उदाहरण.

गार्ग्याने जी आपत्ती केवळ तर्काने पुढे मांडली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जीवशास्त्रात प्रत्यक्ष घडून आली. मानवाच्या दुसऱ्या गुणसूत्रावरील एका जनुकाला, त्याच्या प्रथिनाला आणि इतर सजीवांतील त्याच्या भाईबंदांना निरनिराळ्या संशोधकांनी आपापल्या दृष्टीस पडलेल्या क्रियेवरून, किंवा अधिक नेमके बोलावयाचे तर क्रियेच्या बिघाडावरून, नावे दिली. त्वचारोगाच्या अभ्यासकांचे नाव वेगळे, पेशींवर प्रयोग करणाऱ्यांचे वेगळे, प्रथिने शुद्ध करणाऱ्या रसायनज्ञांचे वेगळे. ही सर्व नावे एकाच वस्तूकडे अंगुलिनिर्देश करीत आहेत हे १९९३ साली उघड झाले. त्या जनुकाचे आजचे अधिकृत नाव 'ईआरसीसी-३' असे असून रोगवाचक नाव 'एक्सपीबी' हेही तितकेच रूढ आहे. ही नावे कशी पडली, त्यांचे ऐक्य कसे कळून आले आणि त्या ऐक्यामुळे काही असाध्य रोगांचा अर्थ कसा बदलला, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

: २ :

या इतिहासाचा आरंभ व्हिएन्ना येथे होतो. तेथील त्वचारोगतज्ज्ञ मोरित्स कापोसी (१८३७–१९०२) यांनी १८७० च्या दशकात एका दुर्मिळ रोगाचे वर्णन केले. या रोगात लहानपणापासूनच चेहरा, मान, हात अशा उन्हाला उघड्या पडणाऱ्या भागांवर काळसर ठिपके उमटू लागतात, कातडी शुष्क व चर्मपत्रासारखी होते आणि पुढे अल्पवयातच त्वचेचे कर्करोग उद्भवतात. १८८२ साली कापोसींनी या रोगास 'झेरोडर्मा पिग्मेंटोसम' हे नाव दिले. त्यातील पहिले पद ग्रीक, दुसरे लॅटिन. 'रंगद्रव्याने डागाळलेली कोरडी त्वचा' एवढाच त्या सामासिक नावाचा अर्थ. नाव देणाऱ्या या वैद्याचे स्वतःचे नावही बदललेले होते. त्यांचे जन्मनाव मोरित्स कोन. हंगेरीतील कापोशवार या आपल्या जन्मगावावरून त्यांनी १८७१ साली नवे आडनाव घेतले. गावावरून आडनाव घेण्याची ही रीत मराठी वाचकास अपरिचित नाही.

याच घराण्यातील म्हणून पुढे ओळखल्या गेलेल्या आणखी दोन रोगांची नावे विसाव्या शतकातील आहेत. लंडनमधील वैद्य एडवर्ड आल्फ्रेड कॉकेन यांनी १९३६ साली खुजेपणा, दृष्टिपटलाचा ऱ्हास व बहिरेपणा यांनी ग्रासलेल्या भावंडांचे वर्णन केले. हा रोग त्यांच्याच नावाने ओळखला जातो. १९८० साली व्हेरा प्राइस यांनी ठिसूळ केसांच्या एका आनुवंशिक विकारास 'ट्रायकोथायोडिस्ट्रोफी' असे नाव दिले. केस, गंधक आणि सदोष पोषण या तीन अर्थांची ग्रीक पदे जोडून ते घडविलेले आहे, कारण या रुग्णांच्या केसांत गंधकाचे प्रमाण कमी असते.

ही तीन नावे शेजारी ठेवली असता त्यांत परस्परसंबंधाची पुसटशीही सूचना आढळत नाही. पहिले नाव कातडीविषयी बोलते, दुसरे एका वैद्याचे स्मारक आहे, तिसरे केसांविषयी बोलते. रोगांचे स्वरूपही भिन्नच. झेरोडर्मा पिग्मेंटोसमच्या वीस वर्षांखालील रुग्णांत त्वचेच्या काही कर्करोगांचे प्रमाण सर्वसामान्यांच्या सुमारे १०,००० पट आढळते. उलट उरलेल्या दोन रोगांत, उन्हाचा त्रास होत असूनही, त्वचेचा कर्करोग वाढलेला दिसत नाही. तेव्हा या तिघांचे मूळ एका ठिकाणी असेल अशी शंका येण्यास वरकरणी काहीच आधार नव्हता.

: ३ :

दुसरी नाममालिका प्रयोगशाळेत निर्माण झाली. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे डीएनएच्या साखळीतील शेजारशेजारचे घटक एकमेकांना चिकटतात. जिवाणू हा बिघडलेला तुकडा कापून काढतात व त्या जागी नवा तुकडा विणतात, हे १९६४ साली अमेरिकेतील सेटलो, हॉवर्ड-फ्लँडर्स व हानावॉल्ट यांच्या प्रयोगशाळांतून सिद्ध झाले होते. १९६८ साली कॅलिफोर्नियातील जेम्स क्लीव्हर यांनी असे दाखवून दिले की, झेरोडर्मा पिग्मेंटोसमच्या रुग्णांच्या पेशींत हीच दुरुस्ती नीट होत नाही. जे नाव ऐंशीहून अधिक वर्षे कातडीचे वर्णन करीत होते त्याच्या पोटात डीएनएच्या दुरुस्तीचा अभाव दडलेला होता, हे त्यामुळे प्रथमच कळले.

परंतु हा अभाव सर्व रुग्णांत एकच आहे काय? या प्रश्नाचा निर्णय रॉटरडॅम येथील डर्क बूट्समा व त्यांचे सहकारी यांनी १९७२ साली एका युक्तीने केला. दोन रुग्णांच्या पेशींचा त्यांनी संयोग घडवून आणला. सांख्यांच्या अंधपंगुन्यायाने ही युक्ती सहज समजते. आंधळा व पांगळा एकत्र आले तर वाट चालू शकतात. दोन आंधळे एकत्र येऊन काही साधत नाही. त्याचप्रमाणे संयोगानंतर दुरुस्ती पुन्हा सुरू झाली तर दोन रुग्णांतील उणीव भिन्न जनुकांची, न झाली तर एकाच जनुकाची, असे अनुमान निघते. अशा रीतीने पुढील वर्षांत या रोगाचे 'ए'पासून 'जी'पर्यंत सात गट पडले, आणि त्यांखेरीज एक निराळा प्रकार आढळला.

यांपैकी 'बी' गट सर्वांत चमत्कारिक ठरला. कितीतरी वर्षे त्यात एकच रुग्ण होता, आणि त्या रुग्णात झेरोडर्मा पिग्मेंटोसमबरोबर कॉकेनच्या रोगाचीही लक्षणे होती. कॉकेनच्या रोगाचेही असेच गट पाडण्यात येत होते. साहजिकच त्या वर्गीकरणात हाच रुग्ण 'सी' गटाचा एकमेव प्रतिनिधी म्हणून नोंदला गेला. एकच व्यक्ती दोन रोगांच्या दोन खतावण्यांत दोन निराळ्या अक्षरांखाली नांदत होती. वर्गीकरणाच्या चौकटीत न मावणारी ही नोंद पुढे सर्वांत अर्थपूर्ण ठरली.

जनुक हाती लागण्यासाठी मात्र वेगळा मार्ग धरावा लागला. चिनी हॅम्स्टरच्या पेशींची प्रयोगशाळेत सहज वाढ होते. अतिनील किरणांपुढे टिकाव न धरणाऱ्या अशा पेशी मिळवावयाच्या, त्यांत मानवी डीएनएचे तुकडे सोडावयाचे, आणि ज्या पेशी तग धरतील त्यांतून तारक ठरलेला मानवी तुकडा शोधून काढावयाचा, अशी ती पद्धती. 'कृंतक प्राण्यांच्या पेशींतील दुरुस्तीची उणीव भरून काढणारे छेदन-दुरुस्तीचे जनुक' या अर्थाच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे म्हणजे 'ईआरसीसी'. या मालिकेतील पहिले जनुक रॉटरडॅम येथेच १९८४ साली मिळाले. तिसरे, म्हणजे 'ईआरसीसी-३', गेर्ट वेडा, यान हूइमाकर्स, बूट्समा प्रभृतींनी मिळविले व १९९० साली ते प्रसिद्ध केले. ७८२ अमिनो आम्लांचे प्रथिन घडविणारे हे जनुक 'बी' गटातील उणीव भरून काढते, असे त्यांना आढळून आले. त्या प्रथिनाची रचना डीएनएचा पीळ उलगडणाऱ्या हेलिकेज नावाच्या विकरांसारखी दिसत होती.

येथे दोन नाममालिकांची पहिली भेट झाली; पण त्यांचे क्रम जुळत नव्हते. रोगाच्या गटांची अक्षरे माणसांवरून, जनुकांचे अंक हॅम्स्टरवरून पडलेले. त्यामुळे 'बी' म्हणजे ३, 'डी' म्हणजे २, 'एफ' म्हणजे ४ आणि 'जी' म्हणजे ५ असा उलटसुलट ताळा बसला. १ या अंकाशी तर सातांपैकी एकही गट जुळला नाही.

याच सुमारास यीस्ट व फळमाशी यांच्या अभ्यासकांना त्यांच्या सजीवांतील तत्सम जनुके मिळाली. १९९२ साली यीस्टमधील एकाच जनुकाची दोन नावे पुढे आली. प्रारणाने होणाऱ्या हानीच्या अभ्यासकांनी त्यास 'रॅड-२५' म्हटले. प्रथिननिर्मितीच्या आरंभाचा अभ्यास करणाऱ्यांना ते आरएनएतील एका अडथळ्याचे निवारण करताना दिसले, म्हणून त्यांनी 'एसएसएल-२' हे नाव ठेवले. फळमाशीतील जनुक तर शुक्रपेशींतील एका प्रथिनाच्या अभ्यासातून मिळाले, आणि त्याचे नाव पडले 'हेवायर', म्हणजे बेताल. 'खळग्यात निजणारा' आणि 'जोडणारा' ही एकाच खांबाची दोन नावे याहून वेगळी नाहीत.

: ४ :

तिसरी नाममालिका दुरुस्तीशी काहीही संबंध नसलेल्या क्षेत्रातली. जनुकातील मजकूर उपयोगात आणावयाचा तर प्रथम त्याची आरएनए या द्रव्यात नक्कल उतरावी लागते. या क्रियेस प्रतिलेखन म्हणतात; ही संज्ञाच मुळी लेखनव्यवसायातून उसनी घेतलेली आहे. मानवी पेशीत प्रथिनांच्या जनुकांची नक्कल उतरविणारे विकर म्हणजे आरएनए पॉलिमरेज-२. परंतु हा लेखनिक स्वतः होऊन आरंभ करू शकत नाही. कोठून लिहावयाचे हे त्यास दाखवावे लागते, आणि पिळलेल्या डीएनएचे दोन पदर उलगडून मजकूर त्याच्यापुढे उघडा करावा लागतो. ही कामे करणारे साहाय्यक घटक शुद्ध स्वरूपात वेगळे करण्याचे कार्य १९८० नंतर अनेक प्रयोगशाळांत चालू होते.

त्यांपैकी एका घटकाला चार नावे मिळाली. स्ट्रासबूर्ग येथील झाँ-मार्क एग्ली यांच्या गटाने त्यास 'बीटीएफ-२' म्हटले. अमेरिकेत डॅनी राइनबर्ग यांच्या गटाने 'टीएफआयआयएच'. उंदराच्या यकृतातून तो मिळविणाऱ्या कॉनवे दांपत्याने 'डेल्टा'. आणि यीस्टवर काम करणाऱ्या रॉजर कॉर्नबर्ग यांच्या गटाने 'बी' घटक. हा घटक म्हणजे एकच प्रथिन नसून अनेक प्रथिनांचा संघ आहे. या प्रथिनांना रसायनज्ञांनी केवळ वजनावरून नावे दिली होती. सर्वांत जड प्रथिन ८९ हजार डाल्टनचे, म्हणून 'पी-८९'. या नावात क्रिया नाही, रोग नाही, प्राणी नाही. केवळ तराजूवरील आकडा आहे.

एग्ली यांच्या गटाने या 'पी-८९'मधील अमिनो आम्लांचा अनुक्रम काही अंशी वाचून ज्ञात प्रथिनांशी ताडून पाहिला. तो 'ईआरसीसी-३'च्या प्रथिनाशी तंतोतंत जुळला. स्ट्रासबूर्ग व रॉटरडॅम येथील संशोधकांनी मिळून १९९३ च्या एप्रिल महिन्यात 'सायन्स' या साप्ताहिकात हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. मजकुराची नक्कल उतरविण्यासाठी पाने उघडणारा आणि खराब झालेला मजकूर दुरुस्त करण्यासाठी पाने उघडणारा हे दोन वेगळे सेवक नसून एकच होय, असे त्यातून निष्पन्न झाले. त्याच वर्षी यीस्टच्या बाबतीत तसाच पुरावा पुढे आला. १९९४ साली शुद्ध केलेला हा संघ 'बी' गटाच्या पेशींत सोडला असता दुरुस्ती पूर्ववत होते, हेही दाखविण्यात आले. संघातील दुसरे हेलिकेज म्हणजे 'डी' गटाचे जनुक, अर्थात 'ईआरसीसी-२', हेही तेव्हाच सिद्ध झाले.

मागे वळून पाहता या ऐक्याच्या खुणा आधीपासून दिसत होत्या. 'ईआरसीसी-२'चा यीस्टमधील भाईबंद 'रॅड-३' हा नष्ट केला तर यीस्ट जगूच शकत नाही, असे १९८३ सालीच आढळले होते. केवळ दुरुस्ती थांबली म्हणून यीस्ट मरत नाही. तेव्हा या जनुकाकडे आणखी एखादे अनिवार्य कर्तव्य असले पाहिजे, हे उघड होते. १९८५ व १९८७ साली हानावॉल्ट यांच्या प्रयोगशाळेने असेही दाखविले होते की, ज्या जनुकांचे प्रतिलेखन चालू असते त्यांची, आणि त्यांतही ज्या पदरावरून नक्कल उतरते त्याची, दुरुस्ती अधिक त्वरेने होते. तरीही ऐक्य ओळखण्यास दशकभराचा काळ लागला. याचा सर्व दोष नावांकडे देणे रास्त होणार नाही. प्रथिनांचा अनुक्रम वाचण्याची साधने पुरेशी परिपक्व होणे अवश्य होते. तथापि, 'प्रारण'वाचक नाव धारण करणारे जनुक प्रारणाच्याच अभ्यासकांकडून तपासले जावे, आणि 'प्रतिलेखन'वाचक नावाचा संघ प्रतिलेखनाच्याच परिषदांतून चर्चिला जावा, ही विभागणी नावांनी दृढ केली हे नाकारता येत नाही.

: ५ :

या ऐक्यातून रोगांविषयीच्या कित्येक कोड्यांचा उलगडा झाला. पहिले कोडे 'बी' गटाच्या दुर्मिळतेचे. प्रतिलेखनावाचून पेशी जगत नाही. म्हणून या जनुकाचा संपूर्ण लोप झालेला गर्भ वाढूच शकणार नाही. जे मोजके रुग्ण जन्माला येतात त्यांच्यात हे प्रथिन थोडेबहुत तरी कार्यक्षम असलेच पाहिजे. एकमेव रुग्णाचा तो गट ही वर्गीकरणातील विसंगती नव्हती. ती त्या जनुकाच्या दुसऱ्या कर्तव्याची साक्ष होती.

दुसरे कोडे तीन रोगांचे. १९८६ साली इटलीतील स्तेफानीनी व त्यांच्या सहकाऱ्यांना, उन्हाचा त्रास होणाऱ्या ट्रायकोथायोडिस्ट्रोफीच्या रुग्णांत झेरोडर्मा पिग्मेंटोसमच्या 'डी' गटाचीच उणीव आढळली होती. ठिसूळ केस आणि डीएनएची दुरुस्ती यांचा संबंध काय, हे तेव्हा समजत नव्हते. १९९३ नंतर बूट्समा व हूइमाकर्स यांनी असा विचार मांडला की, दुरुस्तीचे अंग दुबळे झाले तर कर्करोगाकडे झुकणारा रोग होतो, आणि प्रतिलेखनाचे अंग दुबळे झाले तर वाढ, मज्जासंस्था व केस यांत व्यंग येते. या दुसऱ्या वर्गास त्यांनी 'प्रतिलेखनविकार' ही संज्ञा सुचविली. १९९७ साली 'ईआरसीसी-३'मधील एका उत्परिवर्तनामुळे ट्रायकोथायोडिस्ट्रोफी होते हे सिद्ध झाले, आणि तिन्ही रोगांची लक्षणे या एका जनुकाशी जोडली गेली. पुढे २००१ साली 'डी' गटाच्या जनुकातील असे एक उत्परिवर्तन आढळले की ज्याचे रुग्ण ताप आला असता केस गमावतात. उष्णतेने त्यांचे सदोष प्रथिन अधिकच ढासळते. केसांवरून पडलेल्या नावाचा खरा अर्थ अशा रीतीने प्रतिलेखनात सापडला.

संघाच्या अंतर्गत रचनेचे ज्ञानही पुढे वाढले. त्यात दहा प्रथिने आहेत. त्यांतील दहावे २००४ साली ओळखले गेले. 'एक्सपीबी' हे प्रथिन डीएनएवर सरकत त्यास ओढून घेते व त्यायोगे पदर विलग होतात, तर 'डी' गटाच्या प्रथिनाची पीळ उलगडण्याची शक्ती दुरुस्तीतच उपयोगी पडते, असे आता मानले जाते. प्रतिलेखनाच्या अभ्यासासाठी कॉर्नबर्ग यांना २००६ साली आणि दुरुस्तीच्या अभ्यासासाठी अझीझ संजार यांना, इतर दोघांसमवेत, २०१५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोन निराळ्या विषयांतील या दोन्ही संशोधनांच्या वाटा याच संघावरून गेलेल्या आहेत.

: ६ :

मानवी जनुकांच्या नामकरणाचे नियम १९७९ साली प्रथम ठरविण्यात आले. त्यांच्या परंपरेनुसार अधिकृत नाव 'ईआरसीसी-३' असे कायम झाले. 'एक्सपीबी', 'रॅड-२५', 'बीटीएफ-२' इत्यादी नावे पर्याय म्हणून नोंदली गेली. म्हणजे ज्या नावात माणसाचा रोगही नाही आणि प्रथिनाचे कार्यही अर्धेच आहे, असे हॅम्स्टरच्या पेशींवरून पडलेले नाव प्रमाण ठरले. अर्थवाहकतेच्या दृष्टीने ही निवड दुबळी वाटेल. पण तिचा एक लाभही आहे. जनुकशास्त्रात अभावावरून नाव देण्याची प्रथा जुनी आहे. फळमाशीचे डोळे तांबडे करण्यास आवश्यक असलेल्या जनुकाला मॉर्गन यांच्या काळापासून 'व्हाइट', म्हणजे पांढरे, असे म्हणतात, कारण ते बिघडले असता डोळे पांढरे होतात. माशीच्या बाबतीत हे निरुपद्रवी आहे. माणसाच्या बाबतीत मात्र 'झेरोडर्मा'चे जनुक असे म्हटले की रोग निर्माण करणे हेच जणू त्या जनुकाचे काम, असा समज होतो. वस्तुतः ते जनुक प्रत्येक निरोगी माणसाच्या प्रत्येक पेशीत अहोरात्र राबत असते. आणि ज्या घरात ठिसूळ केसांचे मूल जन्माला येते, त्या घराला कर्करोगाशी निगडित असे रोगाचे नाव सांगितले गेले, तर नावाने दिलेले भय वस्तुस्थितीला सोडून असते.

उलटपक्षी, विस्मृतीत पडलेले नाव उपयोगी ठरल्याचेही उदाहरण या इतिहासात आहे. चिनी वैद्यकात 'मेघगर्जनेच्या देवाची वेल' या अर्थाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका वनस्पतीतून ट्रिप्टोलाइड हे द्रव्य १९७२ साली वेगळे काढण्यात आले होते. ते पेशींची वाढ रोखते हे ठाऊक होते. ते नेमके कोठे आघात करते हे ठाऊक नव्हते. २०११ साली असे निष्पन्न झाले की, ते 'एक्सपीबी' प्रथिनालाच चिकटते व प्रतिलेखन थांबविते. हे प्रथिन केवळ दुरुस्तीचे म्हणून ओळखले जात असते, तर एवढ्या व्यापक परिणामाचा अर्थ लागला नसता.

गार्ग्याच्या आक्षेपाचा विचार करता असे दिसते की, अनेक क्रियांवरून अनेक नावे पडणे हा भाषेचा दोष नसून ज्ञानाच्या एका अवस्थेचा परिणाम होय. वस्तू पूर्णपणे दिसत नाही तोवर प्रत्येक जण तिच्या दिसलेल्या अंशालाच नाव देतो. धोका नावे अनेक असण्यात नाही. ती एकाच वस्तूची आहेत हे तपासून पाहण्याचे राहून जाण्यात आहे. 'बी' आणि 'सी' या दोन खतावण्यांत नोंदला गेलेला रुग्ण एकच होता, आणि तो एकच का, हा प्रश्न १९९३ च्या पुष्कळ आधी विचारता येण्याजोगा होता. कॉकेनच्या रोगाचा 'सी' गट पुढे रद्द करण्यात आला. पर्यायनामांची यादी करणाऱ्या कोशकाराचे काम जीवशास्त्रात दुय्यम मानले जाते. या जनुकाचा इतिहास पाहता ते संशोधनाच्या मुख्य कामांपैकीच एक होय, असे म्हणणे प्राप्त आहे.